बीएस्सी नर्सिंगनंतर पहिली नोकरी: ठाणे–नवी मुंबईत कुठे आणि कशी?

कळवा_सिस्टर

नमस्कार मंडळी. बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं सेमिस्टर पास झालं, इंटर्नशिपही पूर्ण. परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज अजून करायचाय. राहायला कळव्याला, त्यामुळे ठाणे आणि ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे–नवी मुंबई लोकलच्या) बाजूची हॉस्पिटलं, दोन्ही चालतील.

घराजवळच्या एका ३० बेडच्या नर्सिंग होममध्ये "उद्यापासून या" म्हणालेत. पद ट्रेनीचं, दोन वर्षांचा बॉण्ड, आणि ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडे जमा करायच्या. मोठ्या हॉस्पिटलांचे वॉक-इन (थेट जाऊन द्यायच्या मुलाखती) चालू असतात, पण तिथे लेखी परीक्षा घेतात आणि औषधांची गणितं विचारतात म्हणे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे कळतं, पण दोन वर्षं अडकायची भीतीही आहे.

नोंदणी नसताना अर्ज करावा का? मुलाखतीत नेमकं काय विचारतात? पगाराचा आकडा कसा वाचायचा? आणि सरकारी भरतीची तयारी नोकरी करत होते का? मोकळेपणाने सांगा.

---

जुनी_मेट्रन

ओरिजिनल कुणालाही देऊ नकोस. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही लवकर निस्तरत नाही. परिषदेची पडताळणी, सरकारी भरतीतली कागदपत्रांची तपासणी, पुढच्या हॉस्पिटलचं जॉइनिंग, सगळीकडे ठरलेल्या दिवशी मूळ कागद टेबलावर लागतात. ते दुसऱ्याच्या कपाटात असले की तू त्याच्या मर्जीवर. दाखवायचे, पडताळून होऊ द्यायचे आणि त्याच खुर्चीवरून परत घेऊन उठायचं. "पॉलिसी आहे" म्हणाले तर साक्षांकित प्रती देते म्हण. तरी ऐकलं नाही तर तिथून निघ.

आता नोंदणी. महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, कायदा १९६६चा आहे. बीएस्सीला नर्स आणि मिडवाइफ दोन्ही म्हणून नोंद होते. अर्ज आजच भर, निकालाचा आनंद ओसरेपर्यंत थांबू नकोस. तो अडकतो तो बहुतेक वेळा नावामुळे. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कॉलेजच्या दाखल्यावर वडिलांचं नाव अर्धवट. आधी सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघ. फरक असेल तर आधार दुरुस्त करून घे, तो सगळ्यात लवकर होतो. अर्जात नाव दहावीप्रमाणेच. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी सीएनईचे (नोकरीत असताना करायच्या नर्सिंग प्रशिक्षणाचे) क्रेडिट लागतात, म्हणून पहिल्या सेमिनारपासून प्रमाणपत्रं एका फाइलीत ठेव.

नोंदणी येईपर्यंत अर्ज जरूर कर, पण अर्जाची पोचपावती जोडून आणि "नोंदणी प्रक्रियेत" असं बायोडेटात स्पष्ट लिहून. बरीच हॉस्पिटलं तेवढ्यावर निवड करतात आणि नंबर येईपर्यंत ट्रेनी ठेवतात. तोवर कुणीतरी नोंदणीकृत सिस्टर बरोबर असल्याशिवाय इंजेक्शन द्यायचं नाही आणि ड्रग चार्टवर सही करायची नाही. नाईटला माणसं कमी पडली की "कर गं, सही मी करते" असं हमखास कुणीतरी म्हणतं. तिथे नाही म्हणायला शीक. बिघडलं तर सही कुणाची हे कुणी विचारत नाही, हात कुणाचा होता ते विचारतात.

वॉक-इनच्या फाइलीत सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, पासिंग आणि इंटर्नशिपचा दाखला, नोंदणी किंवा पोचपावती, आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, चार फोटो. हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद लोक विसरतात. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. तिसरा राहिला असेल तर आत्ताच घे, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून ठेव. १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण आहे असं धरतात. बीएलएस (सीपीआरचा प्राथमिक कोर्स) केलेलं असेल तर चांगलंच. त्यापुढच्या एसीएलएस कोर्सवर मात्र स्वतःच्या खिशातून आत्ता पैसे घालू नकोस. आयसीयू मिळाला तर बऱ्याचदा हॉस्पिटलच करून घेतं.

आणि नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशन फी मागणारा एजंट भेटला तर फोन ठेव. हॉस्पिटल नर्सकडून पैसे घेत नाही. नर्सच मिळत नाहीत म्हणून तर रडतात.

---

आयसीयू_एज्युकेटर

मुलाखतीबद्दल मी सांगतो. मोठ्या हॉस्पिटलांत साधारण तीन टप्पे असतात: लेखी, मग नर्सिंग ऑफिसमध्ये तोंडी, मग एचआर. लेखी पेपर फारसा अवघड नसतो, पण गणितात निम्मे गळतात. कागद-पेन घेऊन हे चार प्रकार पाठ नव्हे, समजून करा.

पहिला, ड्रिप रेट. ५०० मिली सलाईन ८ तासांत, साधा सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. मायक्रोड्रिप असेल तर २० च्या जागी ६०. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

दुसरा, इन्फ्युजन पंप. पेशंट ६० किलो, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. २०० मिलिग्रॅमचा ५ मिलीचा अँप्यूल ४५ मिलीत मिसळून एकूण ५० मिली केलं, म्हणजे एका मिलीत ४ मिलिग्रॅम. हवं किती? ५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८ मिलिग्रॅम. १८ भागिले ४, पंप तासाला ४.५ मिलीवर. चुका दोनच होतात. मिनिटाचा तास करायला विसरणं, आणि अँप्यूल ५० मिलीत टाकून ५५ मिली करणं.

तिसरा, इन्सुलिन. यात सगळ्यात जास्त अपघात होतात. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली, दोन्ही व्हायल फिरतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं तर हातात १० नव्हे, २५ युनिट येतात. पेशंट पहाटे घामाने चिंब सापडतो आणि शुगर ३८. व्हायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग मोठ्याने वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मग द्या.

चौथा, पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, नेहमी पातळ करून. हातातल्या लाइनमधून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त जात नाही. "पुश कसं द्याल?" असा फसवा प्रश्न मुद्दाम विचारतात. उत्तर एकच, देणार नाही.

तोंडीत प्रसंग सांगतात. रक्त चालू केलं आणि पंधरा मिनिटांत पेशंटला हुडहुडी भरली. ऐंशी टक्के मुलं "डॉक्टरांना फोन करेन" इथून सुरू करतात. आधी रक्त बंद. मग नवीन सेटने सलाईन चालू ठेवायचं, लाइन काढायची नाही. व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, ताप), मग डॉक्टर. त्यानंतर पिशवी आणि मनगटावरचा पट्टा पुन्हा ताडायचा. पिशवी सेटसकट रक्तपेढीला परत, सोबत रक्ताचा आणि लघवीचा नमुना. हाच क्रम सांगा. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ का थांबतात आणि पिशवी चार तासांत का संपवतात, हेही विचारतील.

सुई टोचली तर काय कराल? साबण-पाण्याने धुणार, पिळणार नाही, ब्लीच लावणार नाही. इन्चार्जला कळवून अपघाताची नोंद करणार, ज्या पेशंटची सुई त्याची तपासणी होणार, आणि गरज असेल तर एचआयव्हीविरोधी गोळ्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू, पुढे २८ दिवस. याला लागूनच कचऱ्याचे रंग येतात. सुया पांढऱ्या डब्यात, सलाईनचे सेट आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळीत, काच निळ्यात. प्रश्न फालतू वाटतो, पण एनएबीएचचा (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेचा) ऑडिटर वॉर्डात आल्यावर हाच प्रश्न विचारतो, म्हणून एचआरलाही तो पाठ असतो.

सीपीआरचे आकडे तोंडावर हवेत: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, अॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी.

एखादं उत्तर येत नसेल तर "प्रोटोकॉल बघून आणि सिनियरला विचारून करेन" म्हणा. फेकलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. जी मुलगी अंदाजाने बोलते ती औषधही अंदाजाने देईल, असा हिशेब समोरचे करतात. मीही तोच करतो.

---

पेस्लिप_वाचा

पगाराबद्दल. जाहिरातीतला आकडा सीटीसीचा, म्हणजे हॉस्पिटलला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो, हातात पडणारा नव्हे. उदाहरण म्हणून समजा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १९,००० आणि त्यात बेसिक (मूळ वेतन) १२,०००. हॉस्पिटलचा पीएफ १,४४०, हॉस्पिटलचा ईएसआय (कामगार विमा) ३.२५ टक्क्यांनी सुमारे ६१८, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ५७७. म्हणजे कागदावर २१,६०० च्या वर "पॅकेज". तुमच्या ग्रॉसमधून जातात तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे १४३. हातात सुमारे १७,४००. ईएसआय ग्रॉस २१,००० पर्यंतच कापतात. महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पुरुषांचे २०० जातात. म्हणून एकच प्रश्न विचारा, "हातात किती?" आणि उत्तर लेखी घ्या.

त्याच पत्रात नाईट अलाउन्स वेगळा की पगारातच धरलेला, आठवड्याला ऑफ किती, डबल ड्यूटीचे पैसे की कम्प ऑफ (बदली सुट्टी), युनिफॉर्म आणि होस्टेलचे पैसे कापणार का, हेही बघा.

बॉण्डवर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "बॉण्ड कोर्टात टिकत नाही, बिनधास्त सही कर." हे चूक. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याची अट वैध धरली आहे. दुसरं, "सही केली म्हणजे दोन वर्षं जन्मठेप." हेही चूक. तुम्हाला जबरदस्तीने ड्यूटीवर उभं करता येत नाही, प्रश्न फक्त पैशाचा असतो, आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तोही वाजवी भरपाईचा. तेव्हा सहीआधी बघा: रक्कम किती, बॉण्ड कोणत्या तारखेपासून, महिने भरतील तशी रक्कम घटते का, आणि बदल्यात कोणतं प्रशिक्षण देणार. प्रशिक्षण शून्य आणि रक्कम सहा पगारांची असेल तर तो बॉण्ड तुम्हाला बांधून ठेवायलाच केलेला आहे. कोरा सही केलेला चेक तर मुळीच देऊ नका.

पगार बँकेत जमा होतो का हेही विचारा. रोखीने पगार देणाऱ्या ठिकाणचा अनुभव पुढे पडताळणीत गळतो. पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) असेल तर तुमच्या नोकरीच्या तारखा तिथेच नोंदल्या जातात, मागच्या मालकाच्या मूडवर अवलंबून राहावं लागत नाही.

---

सरळसेवा_अभ्यास

सरकारीबद्दल तीन वेगळे रस्ते आहेत, लोक त्यांची खिचडी करतात.

राज्य आणि महापालिका सरळसेवा (थेट भरती): कायम पद, अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३५,४०० पासून. जाहिराती वर्षानुवर्षं येत नाहीत आणि मग एकदम येतात. २०२५ मध्येच नवी मुंबई महापालिकेची ६२० पदांची आणि ठाणे महापालिकेची १,७७३ पदांची जाहिरात आली होती, दोन्हींत नर्सिंगची पदं होती. पेपरात नर्सिंगइतकंच मराठी व्याकरण, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनही असतं. हुशार मुली नर्सिंगमध्ये पैकीच्या पैकी घेतात आणि समास-प्रयोगात पडतात. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच हातात घ्या, जाहिरात आल्यावर पळापळ करून ते मिळत नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियान: कंत्राटी, अकरा महिन्यांच्या करारावर, स्टाफ नर्सचं मानधन २०,०००. निवड बरीचशी गुण आणि अनुभवावर. जिल्हा परिषद आणि दोन्ही महापालिकांच्या संकेतस्थळांवर आठवड्यातून एकदा बघत जा, अर्जाची मुदत कधीकधी आठ-दहा दिवसांचीच असते.

केंद्राचं नॉरसेट, म्हणजे एम्स हॉस्पिटलांतल्या नर्सिंग भरतीची परीक्षा: मूळ वेतन ४४,९००, वयाची अट खुल्या वर्गाला १८ ते ३०, पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. बीएस्सीवाल्यांना नोंदणी झाली की थेट बसता येतं. जीएनएमवाल्यांना (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना) किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्या ३० बेडच्या ऑफरकडे याही नजरेने बघा. तुम्हाला ही अट लागू नाही, पण अनुभव मागणाऱ्या इतर जाहिरातींत बेडची संख्या विचारतात आणि 'ट्रेनी' हे पद धरायचं की नाही यावरून वाद होतो. अनुभवाच्या दाखल्यावर 'स्टाफ नर्स' हेच पद, विभाग, दोन्ही तारखा, बेडची संख्या आणि सही करणाऱ्याचा हुद्दा असलाच पाहिजे.

नोकरी करत अभ्यास होतो, पण बारा तासांच्या ड्यूटीत फार कठीण. आठ तासांच्या तीन शिफ्टचं ठिकाण मिळालं तर पगारात हजार-दोन हजार कमी चालतील.

---

कळवा_सिस्टर

सगळ्यांचे आभार. नर्सिंग होमला नकार कळवते. आता मोठ्या ठिकाणी पर्याय दिला तर वॉर्ड घेऊ की आयसीयू? मैत्रिणी म्हणतात आयसीयूशिवाय पुढे गल्फला भाव नाही.

---

आयसीयू_एज्युकेटर

आयसीयू घ्या. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हे प्रमाण जिथे खरोखर पाळतात, तिथे एकाच पेशंटवर दिवसभर नजर ठेवायला शिकता. एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी), सक्शन, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), सगळं सहा महिन्यांत हाताखालून जातं. गल्फचं म्हणाल तर तिथे साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि क्रिटिकल केअरला मागणी असते हे खरं.

---

जुनी_मेट्रन

माझं मत उलटं आहे. आधी सहा महिने ते वर्षभर जनरल मेडिसिन किंवा सर्जरीचा वॉर्ड. आयसीयूत मॉनिटर आधी ओरडतो, मग नर्स बघते. वॉर्डात मॉनिटर नसतो. संध्याकाळी हसून बोलणारा पेशंट रात्री अकराला उगाच बेचैन झाला, श्वास २० चा २८ झाला, हे डोळ्यांनी टिपावं लागतं. सहा-आठ पेशंटमध्ये आधी कुणाकडे जायचं हेही तिथेच कळतं. शिवाय वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा, पेशंटचे नातेवाईक, टीपीएचे (विम्याचे) कागद, डिस्चार्ज, हे सगळं सांभाळायची सवय लागते. एज्युकेटर साहेबांच्या आयसीयूत शिकवायला ते स्वतः उभे असतात म्हणून त्यांना सोपं वाटतं.

---

आयसीयू_एज्युकेटर

मॅडम, मान्य, शिकवणारा नसेल तर आयसीयू नको. म्हणून मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. ओरिएंटेशन किती दिवसांचं? प्रिसेप्टर (शिकवणारा सिनियर) किती आठवडे बरोबर असतो? पहिली नाईट कितव्या आठवड्यात? नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट? चार आठवड्यांच्या आत एकटीला नाईट लावणारं ठिकाण असेल तर वॉर्ड असो की आयसीयू, जाऊ नका.

---

ट्रान्स_हार्बर

कुणी प्रवासाचं बोललंच नाही. कळव्याहून घोडबंदर रोडचं हॉस्पिटल नकाशावर जवळ दिसतं, पण तिकडे लोकल नाही. ठाणे स्टेशनवरून बस किंवा रिक्षा, आणि सकाळच्या वाहतुकीत वेळेचा भरवसा नाही. त्यापेक्षा ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ बरं: कळव्याहून एक स्टेशन ठाण्याला, तिथे ९ किंवा १० नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर. नेरुळ-बेलापूरला जाताना गाडी पनवेलची बघून चढा, वाशीची गाडी तिकडे जात नाही. रस्त्याने विटाव्याकडून ऐरोली जवळ आहे, पण जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, तेव्हा त्या वाटेवर विसंबू नका.

संध्याकाळची ड्यूटी किती वाजता सुटते, त्यापेक्षा ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती) देऊन खरं किती वाजता निघता येतं हे तिथल्याच एखाद्या सिस्टरला विचारा. कागदावर आठ असेल तर साडेआठ-पावणेनऊ धरा. उशिराच्या ड्यूटीला हॉस्पिटलची गाडी स्टेशनपर्यंत सोडते का, तेही. वॉक-इनला जाल तेव्हा ड्यूटीच्या वेळेलाच घरून निघून बघा, म्हणजे रोज किती वाजता उठावं लागेल ते त्याच दिवशी कळेल.